मेणकापडावरच्या रेघा

एम.ए.ला 'फ्रेंच साहित्य आणि सिनेमा' असा ४ क्रेडिटचा पेपर सुरू करायचाय, असं मी अभ्यास मंडळासमोर मांडलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे पिक्चर दाखवणार?" दुसरा आला, "मग परीक्षा कशी घेणार?" तिसरा प्रश्न आलाच नाही आणि मंजुरी मिळाली. हातात ६० तास, वर्गात ११ जण, त्यातल्या चौघांचं फ्रेंच बी-१ म्हणजे मध्यम पातळीच्या अलीकडेच अडखळणारं, आणि एक प्रोजेक्टर, ज्याला हिरवा तेवढा एकच रंग नीट यायचा.

सुरुवातीला मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. कादंबरी वाचा, चित्रपट पाहा, फरक लिहा. झोलाची 'ला बेत ह्युमेन' (१८९०) आणि तिच्यावरचा रन्वारचा चित्रपट (१९३८). कादंबरी कुणीही पुरी वाचली नाही, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. उत्तरं मात्र सगळ्यांची आली आणि सगळी सारखीच: "पुस्तकात हे आहे, चित्रपटात गाळलं आहे." वाण्याच्या यादीत न मिळालेल्या वस्तूंवर काट मारावी, तशी. दोष त्यांचा नव्हता. मी प्रश्नच तसा विचारला होता.

चौथ्या आठवड्यात बेत बदलला. एका वेळी चार पानं आणि पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पण शब्द न् शब्द, शॉट न् शॉट.

पहिलं यश मिळालं ते केनोच्या 'झाझी दाँ ल मेत्रो'मुळे (१९५९). कादंबरीचा पहिलाच शब्द 'दुकीप्यूदोंक्ताँ'. शब्दकोशात शोधून मुलं दमली. मी म्हटलं, मोठ्यानं वाचा. तिसऱ्या वाचनाला एकजण हसली. ते अख्खं वाक्य आहे, बोलताना जसं कानावर पडतं तसं एका दमात लिहिलेलं: हे लोक एवढे का घाण मारतायत? मग मराठीत करून बघायची चढाओढ लागली. अमरावतीकडच्या मुलानं फळ्यावर लिहिलं, 'हेइतलेकाऊन्वासमारतात'. तो वर्गात आपणहून बोलला ती पहिलीच वेळ. लुई मालनं पुढच्याच वर्षी यावर चित्रपट केला, पण हे वाक्य नुसतं ऐकलं तर साधं बोलणं वाटतं. गंमत कागदावरच्या अक्षरांत आहे. मग दिग्दर्शकानं काय करायचं? मालनं भाषेशी केलेला खेळ चित्राशी केला. पळवलेली दृश्यं, मध्येच तोडलेले शॉट. 'काय गाळलं' यापलीकडचा प्रश्न वर्गात पहिल्यांदा निघाला.

पण खरा पेपर सुरू झाला तो फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'पासून. फ्रेंच शिकवणाऱ्याचा अर्धा जन्म 'अँपार्फे' समजावण्यात जातो. फ्रेंच कथनात एक भूतकाळ घडून संपलेल्या गोष्टीचा, आणि दुसरा, हा अँपार्फे, चालू असलेल्या किंवा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीचा. फ्लोबेरची ही कादंबरी याच दुसऱ्या काळात भिजलेली आहे. कादंबरीकार प्रूस्तनं १९२० साली त्यावर अख्खा लेख लिहिला.

मी जेवणाचा उतारा घेतला. खालच्या मजल्यावरची छोटी खोली, नायिका एमा आणि तिचा नवरा चार्ल्स टेबलाशी. मुलं इंग्रजीच्या वळणानं भाषांतर करत होती, 'शेगडी धूर करत होती, दार आवाज करत होतं'. वाक्यं बरोबर, पण मेलेली. तेवढ्यात सांगोल्याकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा तर आपला 'जाई-येई'वाला काळ. आजी गोष्ट सांगताना बोलते तो." आम्ही पुन्हा केलं: शेगडी धुमसे, दार करकरे, भिंती पाझरत. चार्ल्सला जेवायला वेळ लागे. ती दोन-चार हेझलनट कुरतडे, नाहीतर कोपर टेकून सुरीच्या टोकानं मेणकापडावर रेघा ओढत बसे.

मी वीस वर्षं अँपार्फे शिकवतेय आणि हे मला सुचलं नव्हतं. आता आपण 'बसे', 'जाई' बोलताना फारसं वापरत नाही, म्हणून असेल. किंवा मी फ्रेंच इंग्रजीतून शिकले म्हणून.

मग मी विचारलं, हे 'बसे' कॅमेऱ्यानं कसं दाखवाल? कॅमेऱ्यापुढे ती एकदाच बसते. एक रात्र, एक जेवण. कुणी म्हणालं, निवेदकाचा आवाज घालू. दिग्दर्शक शाब्रोलनं याच कादंबरीवरच्या १९९१च्या चित्रपटात निवेदक घेतलाच आहे. कुणी म्हणालं, तीच खोली चार वेगवेगळ्या कपड्यांत. तास संपला तरी वाद चालूच.

त्याच कादंबरीतला कृषिप्रदर्शनाचा प्रसंग मात्र उलटा निघाला. सिनेमाचा जन्म व्हायला चाळीसेक वर्षं असताना फ्लोबेरनं तिथं चक्क दोन दृश्यं एकमेकांत कापून ठेवलीत. वरच्या मजल्यावर एमाच्या मागे लागलेला रोदोल्फ तिला पटवतोय, शंभरदा निघून जावंसं वाटलं पण राहिलो, आणि लगेच खालच्या मंचावरून बक्षिसाची घोषणा: शेणखत! जनावरांच्या बाजारात वाढलेल्या त्या सांगोल्याच्या मुलीनं हा पुकारा असा दिला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

रन्वारचा 'पार्ती द काँपान्य' शेवटी ठेवला होता. चाळीस मिनिटांचा, म्हणजे एका तासात पुरा बसणारा, हेही कारण होतंच. मूळ मोपासाँची कथा १८८१ची. पॅरिसचा एक दुकानदार दूधवाल्याची गाडी मागून घेऊन घरच्यांना रविवारी गावाबाहेर नेतो, त्याची मुलगी नदीकाठी एका तरुणाला भेटते, आणि पुढे लग्न मात्र बापाच्या दुकानातल्या पोऱ्याशी. चित्रीकरण १९३६च्या उन्हाळ्यात झालं. पाऊस थांबेना, म्हणून रन्वारनं पाऊसच कथेत घेतला. काम अर्धवट राहिलं आणि चित्रपट लोकांसमोर आला थेट १९४६ला. त्यात नदीवर पडणारा पाऊस आहे, मागे सरकणाऱ्या होडीतून घेतलेला. नंतर पडद्यावर एक पाटी येते: वर्षं गेली, रविवारही सोमवारांसारखे उदास. वर्ग गप्प होता. मग मागून आवाज आला, "म्हणजे यांनाही 'जाई-येई'साठी शब्दच लागले."

अंतर्गत ३० गुणांसाठी मी त्या जेवणाच्या उताऱ्याचा मोबाइलवर एक मिनिटाचा चित्रपट मागितला. अट एकच, निवेदन नाही. बहुतेकांनी घड्याळ दाखवलं. एका गटानं कॅलेंडरची पानं उलटली. पण तिघांनी शूटिंग केलं ते त्यांच्या मेसमध्ये. मुलगी जेवतेय, सुरीऐवजी चमच्याची दांडी, टेबलावर रेक्झिनचं कव्हर. ती रेघ ओढायला लागते आणि कॅमेरा हळूच तिच्या हातावरून पुढे सरकतो. कव्हरभर रेघा. जुन्या, काळ्या पडलेल्या, एकमेकींवरून गेलेल्या, कितीतरी वर्षांच्या जेवणाऱ्यांनी ओढलेल्या. शेवटी नवी रेघ कुठली ते ओळखूच येत नाही.

मी तिघांना तीसपैकी तीस दिले. परीक्षा विभागानं लेखी खुलासा मागितला, तो दिला.

ते कव्हर वर्गात लावायला मिळेल का, म्हणून मी मेसवर गेले. म्हटलं, मावशी, याच्या बदल्यात नवं आणून देते. त्यांनी माझ्याकडे आणि मग कव्हरकडे पाहिलं. "याला काय झालंय?" म्हणाल्या, "अजून दोन वर्षं सहज जाईल."