आयएनजीचं शेपूट

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवीत पोचेपर्यंत आमचं इंग्रजी म्हणजे दिसेल त्या क्रियापदाला आयएनजी चिकटवणं. एकदा सरांनी काहीतरी विचारलं आणि मी ठणकावून सांगितलं, ‘आय अ‍ॅम नॉट नोइंग.’

सर म्हणाले, ‘माहीत असणं म्हणजे पिठाची गिरणी आहे का रे? आत्ता चालू, मग बंद?’

‘माहीत आहे’मधला ‘आहे’ आम्हाला फसवतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. रनिंग, ईटिंग ही चालू असलेली कामं. नो, बिलाँग या नुसत्या स्थिती. त्यांना ‘अ‍ॅम’ लावून हे शेपूट जोडायचं नाही.

खरी गंमत पुढच्या तासाला आली. फळ्यावर लिहिलं होतं, ‘स्लीपिंग बेबी’ आणि ‘वॉकिंग स्टिक’. बाळ झोपलंय, ठीक. मग काठी चालते का? मागच्या बाकावरून कुणीतरी ‘हो सर’ म्हणालं! सरांची युक्ती अशी, की अडलं तर मराठीत आणून बघायचं. ‘झोपलेलं’, ‘वाहतं’ असं आलं तर विशेषण. ‘चालणं’, ‘पोहणं’ असं आलं तर नाम. काठी चालण्यासाठीची, म्हणून तिथलं वॉकिंग नाम. या युक्तीने मला परीक्षेत कधी दगा दिला नाही. (‘बिगिन’मधला एन दुप्पट होतो आणि ‘ओपन’मधला का नाही, यात मात्र बरेच गुण गेले. उच्चारताना शब्दाच्या शेवटच्या भागावर जोर असेल तर दुप्पट, हे फार उशिरा कळलं.)

मी विचारलं, ‘सर, आपल्याकडे वेगवेगळे प्रत्यय आहेत, मग इंग्रजीत दोन्हींना एकच का?’

सर खडू हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. ‘मला माहीत नाही. तुला कळलं तर सांग.’

कळलं वीसेक वर्षांनी, पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकताना. तिथे क्रियापदापासून नाम बऱ्याचदा ‘उंग’ लावून होतं, विशेषण ‘एंड’ लावून. ‘श्लाफेंडेस किंड’ म्हणजे झोपलेलं मूल. मग पुस्तकं चाळली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असंच होतं: नामाला ‘उंग’ किंवा ‘इंग’, विशेषणाला ‘एंडे’. पुढच्या काही शतकांत ‘एंडे’ मागे पडलं आणि ‘इंग’ने दोन्ही जागा बळकावल्या.

सर, सांगायचं राहून गेलं होतं. हा अंक तुमच्याकडे येईलच. लाल पेन जवळ ठेवून वाचा.