नियमांचे एक पान

पुण्यात विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याला आपल्या विषयाचा अभ्यासक्रम स्वतः ठरवता येत नाही. तो अभ्यास मंडळ तयार करते, विद्यापरिषद त्याला मान्यता देते आणि घटक, तास, गुण व संदर्भग्रंथ यांची पक्की आखणी असलेली पीडीएफ आपल्या हाती पडते. तिला जोडून जे एक पान आपल्याला स्वतःला लिहिता येते, ते वर्गाच्या नियमांचे: हजेरी कशी धरली जाईल, असाइनमेंट केव्हा द्यायची, उशीर झाल्यास काय होईल, नक्कल कशाला म्हणायचे आणि शिक्षकांना कोणत्या वेळी भेटता येईल. अनेक सहकारी हे पान लिहीतच नाहीत. पहिल्या तासाला तोंडी सांगून मोकळे होतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी टीचिंग प्लॅन लिहिला जातो खरा, पण तो मुलांनी वाचावा अशी अपेक्षा लिहिणाऱ्याचीही नसते.

तोंडी नियम लवचीक असतात, असे त्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. मला शंका आहे ती नेमकी या लवचीकपणाबद्दल. सबमिशनच्या आठवड्यात स्टाफरूमच्या दारात काय चालते ते पाहावे. एखादा मुलगा बिनदिक्कत आत येतो, "मॅडम, फक्त सोमवारपर्यंत, दोनच पानं राहिलीत," असे हसत म्हणतो आणि बाई, हातात चहाचा कप असल्यामुळे म्हणा किंवा गॅदरिंगमधले त्याचे काम आवडले होते म्हणून म्हणा, "बरं, पण दहाच्या आत आण हं," असे बोलून जातात. त्याच वर्गातली, भोरकडून येऊन वसतिगृहात राहणारी मुलगी अंगात ताप असताना रात्रभर जागते, अर्धवट फाइल वेळेवर ठेवून जाते आणि गुण गमावते, कारण मुदत मागता येते हेच तिला कोणी सांगितलेले नसते. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण म्हणतो. पण वर्गात हा न्याय लावला, तर ज्यांना घरूनच बोलण्याची सवय लागली आहे त्यांचे तेवढे फावते. नियम लिहून काढायचा तो मुलांना धाक बसावा म्हणून नव्हे, तर सवलत कुठे आहे हे न बोलणाऱ्यालाही दिसावे म्हणून.

उशिराविषयीचे कलम मी सर्वांत जास्त वेळा खोडून लिहिले आहे. "विलंबाने आलेले काम कोणत्याही परिस्थितीत स्वीकारले जाणार नाही" हे वाक्य ठसक्यात लिहिता येते, आणि या शहरात असला ठसका दुसऱ्याच्या फाटकावर वाचायला मजाही येते. पण गणपतीच्या आधीच ते आपल्यालाच मोडावे लागते आणि एकदा मोडले की उरलेल्या पानावरही कोणाचा विश्वास राहत नाही. त्यापेक्षा आता असे लिहिते: शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत काम द्यावे, सोमवारपर्यंत दिल्यास दहापैकी एक गुण कमी होईल, त्यानंतर घेतले जाणार नाही. शिवाय प्रत्येकाला सत्रात एकदा, कारण न सांगता, तीन दिवसांची मुदतवाढ मिळेल. त्यासाठी आदल्या दिवशी एक मेसेज पुरे. यातले "कारण न सांगता" हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. आपण कारणे मागतो आणि मुले ओळखीच्या डॉक्टरांकडून मेडिकल आणतात. आजारी नसलेल्याचे मेडिकल बहुधा आजारी असलेल्याच्या आधी पोहोचते.

हजेरीचे तसे नाही. ७५ टक्क्यांची अट आपण ठरवलेली नसते आणि ती शिथिल करण्याचा अधिकारही आपला नसतो. आपल्याला करता येते ते एवढेच, की टक्क्यांचे तासांत रूपांतर करून सांगावे. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटच्या विषयाचे ३० तास झाले, तर सात बुडाले तरी चालतात, आठवा बुडाला की नाव डिफॉल्टरच्या यादीत. हे आकडे जूनमध्येच कागदावर दिसले, तर ऑगस्टचा हिशेब निदान मुलांना स्वतःला करता येतो. ऑगस्टमध्ये पुण्याच्या वर्गाला गळती लागते. काही जण पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत अडकलेले असतात, काही ढोल पथकाच्या सरावात. एकांकिका महाविद्यालयाच्या नावाने होते, त्यामुळे तिच्यासाठी पत्र मिळते आणि हजेरी लागते. "मॅडम, ढोल वाजवणं सांस्कृतिक नाही का?" या प्रश्नावर मी "आहे, पण ते महाविद्यालयाच्या वतीने नाही," असे उत्तर देते, आणि ते बरोबर असूनही मला पुरते पटत नाही. सकाळच्या पाळीत पार्सले पोहोचवून तासाला धापा टाकत येणाऱ्या मुलाकडे तर कोणाचेच लेटरहेड नसते. त्याच्यासाठी माझ्या हातात जेवढे आहे तेवढे लिहून ठेवले आहे: पहिल्या दहा मिनिटांत आलेल्याची हजेरी लागेल.

नकलेच्या कलमाखाली विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम चिकटवून देण्याची पद्धत आहे. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे आणि ६० टक्क्यांच्या वर गेले की संशोधकाची नोंदणीच रद्द होते. गंमत अशी, की हे नियम प्रबंध व शोधनिबंधांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलाला त्या टक्केवारीचा धाक दाखवण्यात अर्थ नाही. आपले कलम आपणच लिहायला हवे. झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार जर्नलची जागा आता चॅटजीपीटीने घेतली आहे आणि सरसकट बंदी घातली तरी ती पाळली गेली की नाही हे ओळखण्याचे खात्रीचे साधन आपल्याकडे नाही. म्हणून मी विचारते ते असे: कशाची मदत घेतली ते शेवटी एका ओळीत लिहावे, आणि लिहिलेल्याविषयी पाच मिनिटे तोंडी बोलण्याची तयारी ठेवावी. ज्याला स्वतःच्या निबंधातला दुसरा परिच्छेद समजावून सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत सॉफ्टवेअरची गरज पडत नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी ही मेहेरबानी नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद केली आहे, आणि लेखनिकाची सोय लागू असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटे वाढवून मिळतात. तरीही हे पानावर नसेल, तर विद्यार्थ्याला भर वर्गात हात वर करून विचारावे लागते. माझ्या पानावर ते दुसरे कलम आहे, आणि त्यात कोणाला, कोठे व कोणत्या तारखेच्या आत भेटायचे हे दिले आहे. व्हॉट्सॲपचे कलम एका ओळीत संपते: रात्री नऊनंतरच्या प्रश्नाला उत्तर सकाळी.

शेवटचे कलम माझ्यासाठी आहे. सत्राच्या मध्येच नियम बदलायची वेळ आली, तर तो वर्गात आणि ग्रुपवर, दोन्हीकडे जाहीर केला जाईल, पुढच्या कामापासूनच लागू होईल, आणि कोणा एकाला दिलेली सवलत त्याच दिवसापासून साऱ्या वर्गाची समजली जाईल.