काकूंचे नव्वद दिवस

नाशिकमध्ये मी व्हिसाचे अर्ज भरून देतो. या कामातला बराचसा वेळ कागद जुळवण्यात जातो: बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे आणि पासपोर्टवरील नावाशी हटकून न जुळणारे आधारवरील नाव. गेल्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या दांपत्याला मात्र माझ्याकडून फक्त प्रवासविमा हवा होता, कारण दोघांच्याही पासपोर्टवर दोन वर्षांचा, कितीही वेळा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा व्हिसा, होता. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम सैल केले आणि आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरलेल्यांना असा व्हिसा मिळू लागला. व्हिसाची मुदत वाढली तरी मुक्कामाची मर्यादा तीच राहिली, आणि एवढी साधी गोष्ट अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रांत कोणी समजावून सांगत नाही.

म्युनिकला असलेल्या त्यांच्या मुलीचे बाळंतपण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होते. १ नोव्हेंबरला पोहोचायचे आणि जानेवारीअखेर परतायचे, असा बेत होता. व्हिसावर ९० दिवस लिहिलेले आहेत, ते प्रत्येक फेरीला नव्याने मिळतात, असे जावयांनी फोनवर छातीठोकपणे सांगितले होते. मी विम्याचा अर्ज बाजूला ठेवून पासपोर्टवरचे शिक्के पाहिले.

नियम असा आहे की मुक्कामाच्या कोणत्याही दिवशी, तो दिवस धरून, मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत शेंगेन देशांतील वास्तव्य ९० दिवसांपेक्षा जास्त भरता कामा नये. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही पूर्ण धरतात. काकू २० मे ते ५ ऑगस्ट तिथे होत्या, म्हणजे ७८ दिवस. १ नोव्हेंबरला प्रवेश केला असता, तर त्यांना १२ तारखेपर्यंत शेंगेन देशांतून बाहेर पडावे लागले असते. ४ नोव्हेंबरला प्रवेश केला, तर मात्र १ फेब्रुवारीपर्यंत पूर्ण ९० दिवस राहता येत होते. उरलेले १२ दिवस तेव्हा १५ नोव्हेंबरला संपतात आणि १६ तारखेपासून मे महिन्यातला एकेक दिवस हिशेबातून गळू लागतो, तेवढाच नवा दिवस हाती येतो. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील गणकाने हेच उत्तर दिले, तरी मी कॅलेंडर घेऊन पुन्हा मोजले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर संगणकीय नोंदी सुरू झाल्या आहेत, त्यामुळे अधिकाऱ्याच्या नजरेतून एखादा शिक्का निसटेल, या भरवशावर आता कोणी राहू नये.

हिशेब प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. काका पेरणीसाठी २० जूनलाच परतले होते, त्यांचे ३२ दिवसच भरत होते, त्यामुळे ते १ तारखेला खुशाल जाऊ शकत होते.

“हे एकटे जाऊन काय करणार? यांना चहासुद्धा हातात द्यावा लागतो,” काकू म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत.

अखेर काकांनी आधी जायचे आणि काकूंनी ४ तारखेला उतरायचे, असे ठरले. जावयांनी पाठवलेले काकूंचे तिकीट मी सहज उघडून पाहिले, तर त्यावर ३ नोव्हेंबर ही तारीख होती. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे ‘३ तारखेच्या रात्रीचे’ म्हणून काढलेले हे तिकीट प्रत्यक्षात २ तारखेच्या रात्री घर सोडायला लावणारे होते आणि काकू ३ तारखेच्या सकाळीच म्युनिकला उतरल्या असत्या. तसे झाले असते, तर त्यांची मर्यादा १४ नोव्हेंबरलाच संपली असती. शुल्क भरून तारीख एका दिवसाने पुढे ढकलली.

बाळ २ नोव्हेंबरला जन्मले. त्या वेळी रुग्णालयात काका होते.

काकूंनी मला कधी बोल लावला नाही, आणि हिशेबात काही चुकलेही नव्हते. तरी मला वाटत राहते की बारा दिवस आणि नव्वद दिवस असे आकडे शेजारी शेजारी लिहून मी कागद त्यांच्यापुढे सरकवला, तेव्हाच त्यांचा निर्णय झाला होता. लेकीजवळ कोणत्या दिवशी असणे अधिक गरजेचे आहे, हे मी विचारले नाही. तसा रकाना माझ्या कोणत्याच अर्जात नसतो.

त्या १ फेब्रुवारीला परतल्या. आठवडाभरातच त्यांचा फोन आला, एप्रिलमध्ये पुन्हा जाता येईल का म्हणून. मी मोजून सांगितले, ३ मेच्या आधी नाही.