चवथीच्या दमट दिवसांत तट्टई

तट्टई म्हणजे तमिळ घरांत गोकुळाष्टमीला आणि दिवाळीला होणारी तांदळाच्या पिठाची चपटी, तिखट, तळलेली चकती. गोव्याच्या दक्षिण टोकाचं काणकोण ओलांडून कर्नाटकात शिरलं की निप्पट्टू मिळतात, ते जवळपास याच जातीचे. सोऱ्या लागत नाही, भाजणी लागत नाही, म्हणून सोपी वाटते. गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमाराला मात्र ती हमखास फसते, कारण त्या दिवसांत पीठ हवेतली ओल ओढून बसलेलं असतं.

म्हणून सुरुवात पिठापासून. सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ धुवून, कपड्यावर पंख्याखाली वाळवून, गिरणीतून बारीक दळून आणावेत. उकडा अजिबात नको. तो एकदा शिजून वाळलेला असतो, पाणी जास्त पितो आणि तट्टई कडक होते. गिरणीवाल्याला आधी कुणाचे तरी तांदूळ दळायला सांगा, गव्हावर दळलेलं पीठ इथे चालत नाही. विकतचं पीठही चालतं. पीठ कुठलंही असो, कोरड्या कढईत मंद आंचेवर तीन-चार मिनिटं परतायचं. रंग बदलता कामा नये. हाताला हलकं, सुटं लागलं की उतरवायचं आणि गार झाल्यावर चाळायचं.

अशा 250 ग्रॅम पिठाला दोन टेबलस्पून उडदाचं पीठ (डाळ खमंग भाजून, दळून, चाळलेली), दोन टेबलस्पून पंढरपुरी डाळ्यांची पूड, 30 ग्रॅम मऊ लोणी, दोन टेबलस्पून चणाडाळ, एक चमचा तीळ, पाव चमचा हिंग, चमचाभर मीठ, दीड चमचा तिखट आणि बारीक चिरलेला कढीपत्ता. चमचे सगळे चहाचे. तिखट खोल्याच्या मिरचीचं असेल तर रंग सुरेख येतो. काणकोणातल्या या मिरचीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते शोभतंही.

चणाडाळ तासभर भिजवायची आणि मग कपड्यावर पसरून वरचं पाणी पूर्ण टिपायचं. कमी भिजली तर दाताखाली खड्यासारखी येते, ओली राहिली तर तेलात तडतडून उडते. कढीपत्त्याचंही तेच, धुतला असेल तर पुसून घ्या.

लोणी पिठात बोटांनी चोळायचं. मूठ वळली आणि टिचकीनं फुटली की मोहन बरोबर. चकलीच्या सवयीनं वर आणखी कडकडीत तेल घालायचा मोह आवरा, जास्त मोहनाची तट्टई तेलात विरघळल्यासारखी सुटते. पाणी साधारण 150 मिलिलिटर लागतं, पण थोडं थोडं घाला. निम्मंच पीठ आधी भिजवावं. भिजवून तासभर ठेवलेल्या पिठाच्या चकत्या लालसर होतात.

पेढ्याएवढी गोळी दुधाच्या पिशवीच्या तेल लावलेल्या प्लास्टिकवर ठेवून वाटीच्या तळानं दाबायची. सात सेंटीमीटर रुंद, तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. कडेला चिरा पडल्या तर पीठ कोरडं आहे, हात ओला करून पुन्हा मळा. आता काट्यानं सहा-सात ठिकाणी आरपार टोचा. हे विसरलात तर वाफ अडकून ती पुरीसारखी फुगते आणि आतून मऊ राहते. टोचलेल्या चकत्या सुती कपड्यावर दहा मिनिटं ठेवल्या की वरची ओल कपडा शोषतो. त्याहून जास्त ठेवू नका, कडा वाळून तडकतात.

तेल 165 ते 170 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाकून बघा: तळाशी जाऊन लगेच, पण न करपता, वर यायला हवा. घाण्याच्या खोबरेलाचा वास याला फार छान लागतो, पण ते 175 च्या आसपास धुरायला लागतं. नवख्यांनी शेंगदाण्याचंच घ्यावं.

एका वेळी चार-पाच सोडा आणि अर्धा मिनिट झारा लावू नका. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय. ते जवळजवळ थांबले, चरचर बसली की काढा. रंगावर जाऊ नका, तिखटामुळे रंग लवकर चढतो आणि घाईनं काढलेली तट्टई संध्याकाळपर्यंत मऊ पडते. तेल गार असेल तर ती तेल पिते, फार तापलं तर वरून लाल आणि आत कच्ची.

एवढ्या पिठात 30–35 होतात. जाळीवर पसरा, पण थंड होताच डब्यात. गोव्यातल्या पावसाळी हवेत पंख्याखाली तास-दोन तास उघड्या ठेवल्या तर सगळी मेहनत वाया जाते. गरम भरल्या तर डब्याच्या झाकणाला पाणी सुटतं, तेही वाईट. मऊ पडल्याच तर ओव्हनमध्ये 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतात. आठवडाभरात मात्र संपवाव्यात, लोण्याला पुढे खवट वास यायला लागतो.