चौसष्टाचे पासष्ट

नववीत असताना भूमितीच्या सरांनी पुठ्ठ्याचा एक चौरस वर्गात आणला होता. ८ बाय ८ घरं आखलेली, म्हणजे ६४ घरं. त्यांनी कात्रीने त्याचे चार तुकडे केले: दोन काटकोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन. मग मला पुढे बोलावून तेच तुकडे १३ बाय ५ च्या आयतात मांडायला लावले. तुकडे अगदी नीट बसले. "आता क्षेत्रफळ सांग," सर म्हणाले. तेरा पाचे पासष्ट! एक घर आलं कुठून?

सरांनी उत्तर दिलं नाही. तुकडे माझ्याकडे देऊन ते निघून गेले.

घरी बराच वेळ ते जुळवत बसलो, तेव्हा कुठे लक्षात आलं. त्रिकोणाची तिरपी कड ८ घरं पुढे जाताना ३ घरं चढते, समलंब चौकोनाची तिरपी कड ५ घरांत २. ३/८ आणि २/५ सारखे नाहीत. त्यामुळे आयताच्या कर्णावर एक बारीक, लांबट फट राहते. ती फट म्हणजे एक समांतरभुज चौकोन, क्षेत्रफळ बरोबर १.

तोवर 'पक्ष, साध्य, सिद्धता' मी पाठ करून लिहीत होतो. त्या फटीनंतर सिद्धता कशासाठी लागते ते कळलं, आणि युक्लिडचं जुनं प्रमेय एकदम आवडायला लागलं: एकाच पायावर, त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेले समांतरभुज चौकोन समान क्षेत्रफळाचे असतात, मग एक कितीही तिरका असो. दोघांना सामावणारा मोठा चौकोन घ्या. त्यातून एका बाजूचा त्रिकोण काढला की एक समांतरभुज चौकोन उरतो, दुसऱ्या बाजूचा काढला की दुसरा. ते दोन त्रिकोण एकरूप आहेत. संपलं! उंची मोजली नाही, सूत्र वापरलं नाही. इतकी देखणी सिद्धता मी त्याआधी पाहिली नव्हती.

पुढे चौकोनाचा त्रिकोण करायला शिकलो. कर्णाला समांतर रेषा काढायची आणि शिरोबिंदू तिच्यावरून सरकवत वाढवलेल्या बाजूपर्यंत न्यायचा. आकार बदलतो, क्षेत्रफळ हलत नाही. वर्तुळाचं मात्र असं जमत नाही. पट्टी आणि कंपासने वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढता येणार नाही हे जर्मन गणितज्ञ लिंडेमान यांच्या १८८२ मधल्या कामामुळे पक्कं झालं.

वर्ष संपताना सरांनी विचारलं होतं, "कोणतीही बहुभुजाकृती कापून, तेच तुकडे जोडून चौरस होईल का?" उत्तर मला कॉलेजात सापडलं: होतो, नेहमीच. गेरविन यांची सिद्धता १८३३ मध्येच छापून आली होती. त्या रात्री एका त्रिकोणाला निम्म्या उंचीवर आडवं कापलं, वरच्या तुकड्याचे लंबावर दोन भाग केले आणि ते दोन्हीकडे फिरवून आयत जुळवला. चिकटवण्याआधी प्रत्येक कडेचा उतार तपासला. फट नव्हती.