गाडीच्या कंपनीचं कार्ड आणि माझी वही

गाडी ज्या कंपनीची, त्याच कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड घ्यावं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आपणहून कधी आला नसता. तो मला सर्व्हिसच्या बिलाला टाचून मिळाला. "मॅडम, आपल्या गाडीवाल्यांसाठीच आहे. पॉइंट जमतात, पुढच्या गाडीला उपयोगी पडतात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिलाही महिन्याचं टार्गेट असणार. मी पत्रक पर्समध्ये टाकलं आणि अटींची पूर्ण पीडीएफ फोनवर पाठवायला सांगितली. ती जरा बघतच राहिली. सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेलेल्या बाईला रंगीत पत्रकापेक्षा बारीक टाइपातली पीडीएफ जास्त रंजक वाटते, त्याला इलाज नाही.

कार्डाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी कार्डं निघतात, बंद होतात, नव्या नावाने परत येतात. आकडे बदलतात, सांगाडा बहुतेक तोच राहतो.

तर या कार्डाची वर्षाची फी ४९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. वर्षात एक लाख खर्च केला तर पुढच्या वर्षाची फी माफ. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये १०० रुपयांना ८ पॉइंट, बाकी सगळीकडे २. पॉइंटची किंमत २५ पैसे, पण नवी गाडी घेताना वापरला तर ५० पैसे. पेट्रोल, विमा, वीजबिल यांवर पॉइंट नाहीत. पॉइंट तीन वर्षांत वापरायचे. आणि वापरायचे कुठे, तर त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा शोरूममध्ये. कार्डाच्या बिलातून वजा करून मिळत नाहीत, खात्यात जमा होत नाहीत.

१०० रुपयांना ८ पॉइंट वाचून ८ टक्के वाटतात, ते निघाले २ टक्के. आणि २ पॉइंट म्हणजे अर्धा टक्का. पैशांऐवजी पॉइंट द्यायचं कारण यातच आलं.

आता माझा खर्च. मी राहते फोंड्याला, नोकरी पणजीत. बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, रायबंदर हा रोजचा रस्ता. कार्डावर जाऊ शकेल असा माझा महिन्याचा खर्च फार तर १२ हजार: सुपरमार्केट, औषधं, इंटरनेट, सासूबाईंच्या मालिकांचं ओटीटी, थोडी ऑनलाइन खरेदी. बाकी घर कार्डावर चालतच नाही. सकाळचा पोदेर, म्हणजे पाववाला, रोख घेतो, नुस्तेंवाली (मासेवाली) आणि भाजीवाली यूपीआयवर. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं होतं, की रुपे कार्ड घेतलं तर तेही यूपीआयला जोडता येतं. खरं आहे, येतं. पण ते दुकानदाराच्या नावाच्या क्यूआरवर. आमच्या नुस्तेंवालीचा क्यूआर तिच्या मुलाच्या खासगी खात्याचा आहे, तिथे क्रेडिट कार्डावरून पैसे जात नाहीत.

म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये, त्यावर अर्धा टक्का, ७२० रुपये. गाडीची सर्व्हिस वर्षाला साधारण १४ हजार, एक मोठी साडेनऊची आणि एक छोटी साडेचारची, त्यावर २ टक्के, २८० रुपये. बेरीज बरोबर एक हजार. माझ्याकडे आत्ता जे साधं कार्ड आहे त्याला फी नाही, सगळ्यावर सरसकट १ टक्का मिळतो आणि तो थेट बिलातून वजा होतो. त्याच खर्चावर १,५८० रुपये. गाडीच्या नावाचं कार्ड घेऊन मला वर्षाला ५८० रुपये कमी मिळणार होते, आणि तेही फक्त एकाच दुकानात चालणारे.

पहिल्या वर्षी मात्र २,००० रुपयांचं सर्व्हिस व्हाउचर आहे. ते धरलं तर पहिल्या वर्षापुरतं हे कार्ड पुढे जातं, फी भरूनसुद्धा. मी खूश होऊन पुढचं पान उघडलं. व्हाउचर एका वेळी १० हजारांच्या वरच्या बिलावरच चालतं. माझं मोठं बिल साडेनऊ हजारांचं. उरलेल्या पाचशेंसाठी काय करायचं ते सर्व्हिस सेंटरला चांगलं ठाऊक असतं: एसीची ओझोन ट्रीटमेंट, इंजिनची आतून सफाई, पावसाळा म्हणून खालून कोटिंग. गोव्यात पावसाळ्याचं नाव काढलं की गंजाच्या भीतीने माणूस कशालाही हो म्हणतो. गंज खराच येतो, त्यात वाद नाही. पण कोटिंग दरवर्षी लागतं का, हा प्रश्न कोटिंग विकणाऱ्याला विचारू नये.

पेट्रोलचा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत "इंधन अधिभार माफ" असं लिहिलं होतं, आणि गाडीचं कार्ड म्हटल्यावर माणूस आधी पेट्रोलच बघतो. पंपावर क्रेडिट कार्ड चालवलं की साधारण १ टक्का अधिभार लागतो, तो बँक नंतर परत करते. पण त्या अधिभारावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही, असं याच्याच अटींत होतं. माझं महिन्याचं पेट्रोल ६ हजारांचं. अधिभार ६० रुपये लागला, ६० परत आले, जीएसटीचे १० रुपये ८० पैसे गेले. वर्षाला १३० रुपये. तेच पैसे मी बँक खात्यातून यूपीआयने दिले तर अधिभार लागतच नाही, माफ करायचा प्रश्नच नाही. आणि पेट्रोलवर पॉइंट शून्य. म्हणजे गाडीच्या कार्डावर गाडीत पेट्रोल भरलं की तोटा. पेट्रोलची सवलत म्हणावी तर २०१२ ची. मुख्यमंत्री पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे ११ रुपये एकदम उतरले. तेव्हा कुणाला पीडीएफ वाचावी लागली नव्हती.

विमानतळावरच्या लाउंजचंही आमिष आहे, तिमाहीत ५० हजार खर्च केला तर. माझा होतो ३६ हजार, सर्व्हिस धरून चाळीसच्या वर. मोपा असो की दाबोळी, आम्ही विमानात बसतो कधीतरी. पुढे.

नव्या गाडीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही, कारण ही कार्डं मुळात त्यासाठीच काढलेली असतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९२ साली असं कार्ड काढलं. खर्चाच्या ५ टक्के रक्कम नव्या गाडीसाठी जमा, वर्षाला जास्तीत जास्त ५०० डॉलर आणि सात वर्षांत साडेतीन हजार डॉलर. लोकांनी उड्या मारल्या. फोर्डनेही सिटीबँकेबरोबर १९९३ मध्ये आपलं आणलं आणि १९९७ मध्ये बंद केलं. यात कंपनीचा डाव सरळ आहे. गाडीवर थोडी सूट ती एरवीही देतेच. कार्डातून दिली की गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या शोरूमची पायरी चढत नाही.

५ टक्के असते तर मीही बांधून घेतलं असतं. माझ्या हिशेबाने वर्षाला ४,००० पॉइंट, तीन वर्षांत १२,०००, गाडी घेताना ५० पैशांनी ६,००० रुपये. आठ लाखांच्या गाडीवर पाऊण टक्का. तीन वर्षांनी नाही घेतली तर जुने पॉइंट गळायला लागणार. आता हे ६,००० शेजारी ठेवून शोरूममधलं कोटेशन बघा. डिसेंबरअखेर त्या सालची गाडी विकायची घाई असते, तेव्हाची सूट किती असते ते गाडी घेतलेल्या कुणालाही विचारा. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन-तीन कोटेशनं आणली की फरक दिसतो. हँडलिंग चार्जेस नावाची ओळ कशाबद्दल आहे असं नुसतं विचारलं तरी ती कधी कधी नाहीशी होते. आणि "माझे तुमच्याकडे १२ हजार पॉइंट पडून आहेत" हे वाक्य तोंडातून गेलं, की सेल्समनला कळलं, बाई दुसरीकडे जाणार नाही. घासाघीस तिथेच संपली. माझ्या मते या कार्डाची खरी किंमत ती आहे, फीपेक्षा जास्त.

आणखी एक. माझ्या गाडीची वॉरंटी पुढच्या वर्षी संपते. त्यानंतर मी गाडी कुर्टीच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये देणार, पहिली गाडीही तिथेच जायची. तिथे खर्च पुष्कळ कमी येतो आणि ब्रेक पॅड किती झिजलेत ते माणूस हातात घेऊन दाखवतो. म्हणजे पॉइंट खर्च करायची एकुलती एक जागा, तीच मी सोडणार. जमलेल्या पॉइंटांपायी दर वर्षाला चार-पाच हजार जास्त मोजत राहायचं, हे माझ्या वहीत बसत नाही.

व्याजाचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्याच कार्डांना लागू आहे. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, वर जीएसटी. १२ हजार एक महिना थकले तर ४२० रुपये व्याज आणि साडेपंचाहत्तर जीएसटी, म्हणजे सहा महिन्यांचे पॉइंट एका फटक्यात. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजावर घातलेली वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तेव्हा त्या आशेवर कुणी राहू नये. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्याने पॉइंट मोजायच्या भानगडीतच पडू नये.

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मात्र हेच कार्ड घेतलं, आणि त्याचं गणित मला पटलं. नवरा-बायको दोघांच्या गाड्या याच कंपनीच्या, दोन्हींना वाढीव वॉरंटी, त्यामुळे चार वर्षं दुसरीकडे जायचंच नाही. एका गाडीचं सर्व्हिस बिल १० हजारांच्या वर सहज जातं, व्हाउचर वसूल. त्याच्याकडे आधी दुसरं कार्डही नव्हतं. त्याला मी एवढंच सांगितलं, की नको झालं तर लेखी कळवून बंद कर. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. नुसता फोन केला तर समोरून नवी ऑफर ऐकावी लागते आणि आपण विरघळतो.

धाकट्या दिराचं प्रकरण वेगळं. त्याच्या म्हापशाला रेंट-अ-कॅबच्या पाच गाड्या, सगळ्या याच कंपनीच्या. चवथीला जेवताना त्याने विचारलं, "वयनी, हें कार्ड घेवं?" वर्षाला टायर-सर्व्हिस मिळून त्याचे सव्वा लाख जातात, २ टक्क्यांनी अडीच हजार, आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादी नवी गाडी घेतोच. कागदावर या कार्डाचं सगळ्यात योग्य गिऱ्हाईक तोच. पण अटींत स्वच्छ लिहिलंय, की कार्ड वैयक्तिक वापरासाठी आहे, धंद्याचा खर्च त्यावर टाकायचा नाही. टाकलेला आढळला तर बँक पॉइंट रद्द करू शकते, कार्डही. भाड्याच्या, काळ्या नंबरपाट्यांच्या पाच गाड्यांची बिलं एका माणसाच्या खासगी कार्डावर म्हटल्यावर कुणालाही कळेल. शिवाय त्याची बिलं फर्मच्या नावाची, ती घरच्या खर्चात मिसळली की मार्चमध्ये त्याचा सीए माझ्याच नावाने बोटं मोडणार.

तो म्हणाला, सगळेच करतात. करत असतील. मी त्याला बँकेत बिझनेस कार्डाची चौकशी करायला पाठवलंय. त्याची फी जास्त आहे आणि सर्व्हिसवर वेगळे पॉइंट नाहीत, पण बक्षीस थेट रकमेत मिळतं, टायर कुठूनही घेता येतात. अटींची पीडीएफ त्याने काल व्हॉट्सॲपवर पाठवली, ४२ पानं.