मोटर फिरतेय, पण पाणी चढत नाही

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याकडे महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) मोटर ते गच्चीवर चढवते. गेल्या पावसाळ्यात मोटर नेहमीसारखी चालायची, पण वर थेंब पडेना. ज्याला दाखवली तो म्हणाला, "वाइंडिंग गेलंय, खोलावी लागेल." मला पटेना. वाइंडिंग जळालं की वास येतो, एमसीबी पडतो. मोटर नुसतीच गुणगुणत जागेवर राहिली तर कपॅसिटर बघायचा. इथे मागचा पंखा जोरात फिरत होता. दोष सक्शनलाच, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या बाजूलाच असणार.

मेन स्विच बंद केला, प्रायमिंगचं, म्हणजे पंपात पाणी भरायचं बूच काढलं आणि मगाने पाणी ओतलं. काठोकाठ भरलेलं पाणी बघता बघता खाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. पाइपात पाणी टिकत नाही म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळतोय. पाणी टिकूनही पंप ओढत नसता, तर आधी सक्शनचे जोड तपासले असते. तिथून हवा शिरली तरी पंपाला पाणी ओढता येत नाही.

आईने टॉर्च धरला, मी पाइप वर काढला. व्हॉल्व्हच्या जाळीवर गाळाचा थर होता आणि झडपेखालचा रबरी वायसर एका बाजूने कडक होऊन मुडपला होता. त्या फटीत एक बारीक खडा अडकलेला! पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी गढूळ असतं, गाळून आलं तरी आमच्या टाकीच्या तळाशी गाळ बसतोच.

रविवार कारंज्यावरून पितळी व्हॉल्व्ह आणला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बसवला आणि तळापासून अर्धा फूट वर ठेवला. पाइप भरून बूच लावलं, स्विच दाबला आणि गच्चीवरून आईची हाक आली, "आलं रे पाणी!"

ही दुरुस्ती करताना मोटर कोरडी चालू दिली नाही, हे फार महत्त्वाचं. पंपातलं पाणी मोटरकडे जाऊ न देणारं आतलं सील पाण्यानेच थंड राहतं, कोरडं फिरलं की लगेच खराब होतं. आता पावसाळा संपला की टाकी धुताना व्हॉल्व्हही वर काढतो. पंप आणि मोटरच्या मधून थेंब दिसले की सील लगेच बदलून घेतो, कारण तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की मग मोटर खरंच खोलावी लागते.